नानांचे दीड ग्रॅम

नानांकडे गाणं ऐकायला जायचं तर घरून जेवून जावं आणि दुसऱ्या दिवशीची रजा टाकून ठेवावी. ‘नाना, किशोरीताईंचा भूप लावा ना,’ एवढं म्हणायचा अवकाश, नाना उठतात आणि चष्मा बदलतात. रेकॉर्ड कपाटातच असते. मग सोनाराचं भिंग येतं, घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर येतो आणि शेवटी काड्यापेटीएवढा डिजिटल काटा. टोनआर्मची सुई त्या काट्यावर टेकवून नाना श्वास रोखतात. आपणही रोखायचा असतो, नाहीतर आकडा हलतो.

‘एक पूर्णांक सहा!’ नाना चोर सापडल्याच्या सुरात म्हणतात. ‘काल रात्री बरोबर दीड ग्रॅम ठेवलं होतं. कोणी हात लावला?’

‘मी लावला,’ काकू आतून. ‘शंभर मिलिग्रॅम जास्तीचे घातले. पाठवा मला विशेष कारागृहात.’

तुमच्याही ओळखीत असा कोणी असणारच, तेव्हा फार परिचय करून देत नाही. दर रविवारी मोटरसायकल खोलून बसणारा आणि तिच्यावरून गणपतीपुळ्यालासुद्धा न गेलेला एक असतो. तीन लेन्सा विकत घेऊन घरच्या लग्नात फोटो काढायला दुसऱ्याला बोलावणारा एक असतो. नाना त्याच कुळातले. फरक इतकाच की त्यांचं सगळं दैवत दीड ग्रॅमचं आहे.

आणि ते दीड ग्रॅम टर्नटेबलपुरतं राहिलेलं नाही. काजूगर तोंडात टाकण्याआधी ते काट्यावर ठेवतात. एकदा राम आळीतल्या एका सराफाकडे शिरून त्यांनी त्याचा तराजू तपासायला मागितला. सराफ जुना माणूस, त्याने शांतपणे हिशेब सांगितला: ‘दीड ग्रॅम म्हणजे बारा गुंजा नि वर चिमूटभर.’ नाना इतके खूश झाले की पुढचा महिनाभर सुईचा दाब गुंजांतच सांगत होते. शेजारच्या मुलीच्या लग्नात कोणीतरी मंगळसूत्र तीन तोळ्यांचं असल्याचं कौतुकाने सांगितलं, तर नाना म्हणाले, ‘म्हणजे वीस सुयांचा दाब. एवढ्यात वीस रेकॉर्डी एकदम वाजतील.’ नवरीकडच्यांना अजून कळलेलं नाही की हा अपमान होता की आशीर्वाद.

यामागे शास्त्र आहे, हे मला मान्य करावं लागतं. न करून सांगतो कोणाला? चावीच्या जुन्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जास्त वजनाने रेकॉर्डवर बसायचा. लाखेच्या तव्यात मुद्दाम दगडाची भुकटी मिसळलेली असे, म्हणजे तवा झिजण्याऐवजी पोलादी सुई झिजावी. आणि दर बाजूला सुई नवी. १९४८ साली विनाइलची एलपी आली, खाच बारीक झाली, आणि हे ओझं उतरवणं भाग पडलं. आपल्याकडच्या पेटीवजा प्लेयरांतली पिकअप तरी पाच-सात ग्रॅमने दाबत असत. नंतरची चुंबकी कार्ट्रिजं, म्हणजे आर्मच्या टोकाला सुई धरून बसणाऱ्या डब्या, दीड-दोन ग्रॅमवर आली. आता जास्त वजन ठेवलं तर खाच झिजते हे कोणालाही पटतं. पण कमी ठेवलं तर ती अधिक खराब होते, कारण सुई भिंत सोडून उड्या मारते, हे नाना सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

कोकणातल्या पावसावर मात्र त्यांचा जुना राग आहे. एके काळच्या स्वस्त पिकअपमध्ये रोशेल मिठाचा स्फटिक असायचा. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या एका औषधविक्याने बनवलेलं हे मीठ. दाबलं की वीज देतं, आणि दमट हवेत चक्क पाघळतं. ‘आमच्याकडे जुलैत बरणीतलं मीठ टिकत नाही,’ नाना म्हणतात, ‘आणि ह्या लोकांनी गाण्यात मीठ घालून पाठवलं!’

त्यांचा सध्याचा टोनआर्म कंपनीचा नाही. मूळचा ॲल्युमिनियमचा होता. तो ‘वाजतो’ असं त्यांचं म्हणणं. म्हणजे रेकॉर्डचा आवाज येतो त्यात आर्मचाही थोडा मिसळतो. म्हणून मळ्यातली चिव्याची काठी आणून दोन पावसाळे माळ्यावर सुकवली. बांबू हलका, ताठ आणि स्वतः फारसा न किणकिणणारा, त्यामुळे जगभरचे हौशी लोक तो वापरतात. यात नानांची कल्पना काही अघोरी नव्हे. अघोरी पुढे आहे. मागच्या टोकाला वजन हवं म्हणून ते मिरकरवाडा बंदरावर गेले आणि जाळ्याचं शिसं मागितलं.

‘किती किलो?’ 

‘एकशे दहा ग्रॅम.’

‘होडी कागदाची काय हो तुमची?’

सुई फिरत्या रेकॉर्डबरोबर आत ओढली जाते. ती ओढ थोपवायला आर्मला बाहेरच्या बाजूने हलका ताण द्यावा लागतो. नानांनी तो तंगुसाच्या तुकड्याला मण्याएवढं शिसं टांगून दिला. तंगूसही तिथूनच, फुकट आणलेला. मासेवाल्याला बहुधा दया आली असावी. आर्म एकाच टोकावर तोलून उभा असल्यामुळे डोलायचा, तर टेकूभोवतीच्या वाटीत दाट तेल हवं. सिलिकॉन तेल मुंबईहून यायला वेळ लागणार, म्हणून नानांनी खोबरेल घातलं. डिसेंबरपर्यंत उत्तम चाललं. जानेवारीतल्या एका गार पहाटे खोबरेल थिजलं आणि टोनआर्म हवेत जागच्या जागी खिळला. नाना तेव्हा माझ्याकडे आले होते, हेअर ड्रायर मागायला.

राहिली घरघर. स्पीकरमधून सारखा हुंकार यायचा, म्हणजे अर्थिंग धड नाही. अंगणात कायम ओली राहणारी माती एकच, तुळशी वृंदावनातली, कारण काकू रोज पाणी घालतात. नानांनी तांब्याची तार खिडकीतून नेऊन तिथे पुरली. घरघर थांबली. काकू आता प्रदक्षिणा घालताना तार ओलांडून जातात, आणि आवाज पुन्हा आला की नाना आतून ओरडतात, ‘आज तुळशीला पाणी घातलंस का?’ त्या माउलीला वाटलं होतं, नवरा उतारवयात देवभोळा झाला.

कार्ट्रिज निवडणं हा वेगळा अध्याय. आर्मचं वजन आणि सुईचा लवचीकपणा यांचा मेळ असा बसायला हवा की दोघांचं मिळून थरथरणं सेकंदाला आठ ते बारा वेळा व्हावं. त्याखाली रेकॉर्डचा बाक आणि माणसांची पावलं, त्यावर गाणं. मधल्या रिकाम्या पट्ट्यात थरथर लपवायची. डेनॉनचं डीएल-१०३ हे १९६०च्या दशकात जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी घडवलेलं, अजून बनतं, अडीच ग्रॅम मागतं आणि जड आर्मशीच जमवून घेतं. शुअरची नाजूक, लवचीक कार्ट्रिजं हलका आर्म मागतात. २०१८ साली शुअरने कार्ट्रिज बनवणंच बंद केलं, तेव्हा नानांनी तीन दिवस गोड खाल्लं नाही. टोकाचेही प्रकार: गोल, लंबगोल, आणि शिबाता नावाच्या जपानी अभियंत्याने काढलेला, खाचेच्या भिंतीला उभा लांबवर टेकणारा. लाखेच्या तव्यांना यातलं काही चालत नाही. त्यांची खाच एवढी रुंद की एलपीची सुई तिच्या तळाशी खडखडत फिरते. तिथे जवळजवळ चौपट जाड टोक लागतं, म्हणून बालगंधर्वांसाठी वेगळं कार्ट्रिज, वेगळ्या डबीत, वेगळ्या वजनाचं. ‘आमच्या ताईचं स्थळ बघताना यांनी एवढी चौकशी केली नव्हती,’ काकू म्हणतात.

वैताग येतो तो याचा, की इतकं होईतो गाण्याची वेळ टळून गेलेली असते. मी सकाळी भैरवाला गेलो की मारव्याला सुटतो.

पण एका पावसाळी रात्री नानांनी मला जे समजावलं, ते इतर कोणी समजावलं नसतं. रेकॉर्ड कापणारं यंत्र सरळ रेषेत कापतं. वाजवणारा आर्म मात्र खिळ्याभोवती कमानीत फिरतो. म्हणजे सुई खाचेत बहुतेक ठिकाणी किंचित तिरपीच. लॉफग्रेन नावाच्या स्वीडिश माणसाने १९३८ साली गणित मांडून दाखवलं की आर्म थोडा पुढे काढला आणि कार्ट्रिज थोडं वळवलं, तर दोन ठिकाणी हा तिरपेपणा शून्य होतो. कुठली दोन, ते आपण ठरवायचं. जगातले बहुतेक लोक केंद्रापासून ६६ आणि सुमारे १२१ मिलिमीटरवर ठरवतात.

‘ते त्यांच्या गाण्यासाठी,’ नाना म्हणाले. ‘आपला ख्याल कुठे चढतो? शेवटी. आणि रेकॉर्डचा शेवट कुठे? लेबलापाशी. बाहेर खाच सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटर पळते, आत जेमतेम एकवीस. म्हणजे विलंबिताला मोकळं मैदान आणि द्रुत तानांना दोन खणांची खोली! तान फाटते ती बाईंच्या गळ्यात नाही, त्या खोलीत.’ म्हणून त्यांनी १९६६ सालचं स्टीव्हन्सनचं गणित धरलं, ज्यात शून्य बिंदू पार आत, ६०.३ मिलिमीटरवर येतो. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी कंपासने तो कंस काढला होता. पत्रिकेवरच्या गणपतीच्या पोटात टाचणी रोवलेली.

मग, चमत्कार म्हणा, त्यांनी खरोखर रेकॉर्ड लावली. भूपाची. त्यातलं ‘सहेला रे’ याच आतल्या दाटीत येतं, आणि इतकी वर्षं ते थोडं करपल्यासारखंच ऐकायची मला सवय होती. त्या रात्री ते स्वच्छ होतं. काकू हातातलं लाटणं विसरून दारात येऊन उभ्या राहिल्या. मी नानांकडे पाहिलं. नाना भिंगातून सुई बघत होते, आणि बाजू संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘“स” फुटला काय रे?’

मला तो नम्रपणा वाटला. पुढे काकूंनी सांगितलं. कोल्हापूरला कान तपासले, तर पाच हजार हर्ट्झच्या वर नानांना जवळजवळ काही ऐकू येत नाही. वयाने होतं असं. ‘स’ची जी धार, ती नेमकी त्याच्यापुढे. म्हणजे गेली कित्येक वर्षं हा माणूस ज्या टोकासाठी झटतोय, ते टोक त्याला ऐकू येत नाही. तो ते काट्यावर वाचतो, भिंगातून बघतो. मला आता त्यांच्या दीड ग्रॅमवर विनोद करणं जड जातं. तरी करतो, कारण थांबलो तर त्यांना संशय येईल.

त्यांनी त्यावर तोडही काढली आहे. शेजारची चौथीतली मुलगी शाळेतून आली की स्पीकरसमोर पाटावर बसते. नाना सुई ठेवतात आणि तिच्या तोंडाकडे बघतात. ‘स’ फुटला की ती नाक मुरडते, नाना स्क्रू पावपाव फिरवतात. मजुरी म्हणून दर ‘स’ला एक आवळासुपारी. तिचा कान इतका तयार झालाय की शाळेतल्या प्रार्थनेच्या वेळी तिने बाईंना लाउडस्पीकरचा ‘श’ घसरतोय असं सांगितलं आणि वर्गाबाहेर उभी राहिली. नाना त्या दिवशी विलक्षण आनंदात होते.

मध्यंतरी किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याने नानांना मानाने बोलावून नेलं. दालनात नवाकोरा टर्नटेबल, भिंतीवर रेकॉर्डी खिळ्यांनी ठोकलेल्या. खिळे आरपार! टोनआर्मची वाहतुकीसाठी बांधलेली पट्टीसुद्धा काढलेली नव्हती. ‘वाजवायचा नाही हो, पाहुणे फोटो काढतात,’ मालक म्हणाला. नानांनी पट्टी काढली, वजन लावलं, कोन जुळवला, आणि पैसे न घेता एसटीने परत आले. फोटोत चुकीचा कोन दिसू नये म्हणून, असं त्यांचं स्पष्टीकरण.

मे महिन्यात ती मुलगी मामाकडे चिपळूणला गेली आणि टर्नटेबलवर कापड पडलं. चार दिवस पाहून मी म्हटलं, ‘नाना, मी बसतो ना पाटावर. माझे कान वापरा.’

नानांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘तुझा काय उपयोग? तू मेल्या गाणं ऐकत बसतोस.’