पंच क्रमांक एक

आमच्या सासूबाईंना रोज एक खून लागतो. घरचा इंद्रायणी तांदूळ निवडायला बसल्या की कानात ती पांढरी बोंडं जातात, मोबाइल परातीशेजारी उभा राहतो आणि कुठल्यातरी शहरात कुणीतरी शेवटचं दिसतं. दिवाळीत चकलीचा घाणा काढायचा असेल तर दोन भागांचा खून आधीच शोधून ठेवलेला असतो. मधूनच त्या कसलाही संदर्भ न देता म्हणतात, “नवराच असणार बघ.” अशा वेळी आप्पा, म्हणजे माझे सासरे, पेपर उचलून ओसरीवर जाऊन बसतात.

सकाळच्या लोकलमध्येही वेगळं काही नाही. कामशेतला गाडी पकडावी, वडगावला प्रेत सापडतं, तळेगावला संशयित, आकुर्डीला पोलिसांची चूक बाहेर येते आणि शिवाजीनगरला उतरेपर्यंत निकाल लागलेला असतो. तासाभरात न्याय. लेडीज डब्यात पूर्वी भाजी निवडता निवडता सुनांवर खटले चालायचे. आता सुनाच कानात खटले घालून बसलेल्या असतात. हा बदल मला मनापासून आवडतो.

मराठी माणसाला या विषयाचं वावडं तसं कधीच नव्हतं. जोशी-अभ्यंकर खून खटल्याचं नाव काढलं की पुण्यातल्या जुन्या मंडळींना १९७६-७७ मधल्या त्या संध्याकाळी आठवतात. दिवेलागणीलाच दारं बंद व्हायची, आणि बेल वाजली की आधी आतून दहा प्रश्न. त्या खुनांसाठी कला महाविद्यालयातली चार पोरं २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याला फासावर गेली. ही गोष्ट आमच्या पिढीने कुठल्याही ॲपशिवाय, आत्याच्या आणि मावशीच्या तोंडून ऐकली. माफीचा साक्षीदार म्हणजे काय, हेही तेव्हाच कळलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने नंतर त्यात फारशी भर घातली नाही.

आताच्या लाटेची सुरुवात २०१४ साली अमेरिकेतल्या ‘सीरियल’ या पॉडकास्ट मालिकेने झाली असं धरायला हरकत नाही. बाल्टिमोरमधला एका शाळकरी मुलीचा १९९९ मधला खून, आणि त्यासाठी जन्मठेप भोगणारा तिचा पूर्वीचा मित्र अदनान सय्यद. साऱ्या जगाने तो खटला कानाने चालवला. त्यानंतर प्रत्यक्षात काय झालं, तर २०२२ मध्ये तो सुटला, २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने त्याचा दोष पुन्हा कायम केला, आणि २०२५ मध्ये भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हणून त्याला घरी राहू दिलं; दोष मात्र कागदावर तसाच. खून त्याने केला की नाही, यावर श्रोते आजही भांडतात. इतक्या वळणांवर आमच्या सासूबाई मालिका बदलतात.

पण या मालिकांनी एक काम केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी सासूबाईंचं न्यायशास्त्र एका वाक्याचं होतं: पोलिसांनी धरला म्हणजे काहीतरी केलंच असेल. आता त्या विचारतात, “पुरावा काय?” आपल्या पेपरांतून पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य छापून येतं, की पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली. बातमी तिथे संपते, वाचणारा चहाचा कप खाली ठेवतो. कायद्याच्या लेखी मात्र पोलिसांपुढची ती कबुली पुरावा म्हणून चालत नाही. हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. खाक्यात काय असतं, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबालाही माहीत होतं म्हणायचं. सासूबाईंनी हे परवा आप्पांना ऐकवलं, तेव्हा आप्पांनी नुसतं “हं” केलं. त्या “हं”ला कारण आहे. ते पुढे येईल.

माझी तक्रार एवढीच, की या मालिकांत सगळा मान हुशार तपास अधिकाऱ्याला आणि मध्यरात्री सापडणाऱ्या धाग्याला मिळतो. न्याय मात्र बहुतेक वेळा एखाद्या कंटाळवाण्या कागदावर अडलेला किंवा सुटलेला असतो. पुण्यातलं १९९४ चं राठी हत्याकांड घ्या. एका घरात पाच बायका आणि दोन मुलं मारली गेली. एका आरोपीला १९९८ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ती कायम केली. मग मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने त्याला सोडून दिलं, कारण राजस्थानातल्या एका शाळेच्या नोंदवहीप्रमाणे गुन्ह्याच्या दिवशी त्याचं वय साडेबारा वर्षं होतं. त्या वयाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं. तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त आत होता. शाळेत नावही थोडं वेगळं होतं. सात जणांच्या मरणाचं ओझं तसूभर हलकं होत नाही, पण पोरगा कितवीत होता हे बघायला एवढा काळ लागावा?

आमच्या मावळातलं गहुंजे आज क्रिकेटच्या मैदानासाठी ओळखलं जातं. नोव्हेंबर २००७ मध्ये ते नाव वेगळ्या कारणाने पेपरात आलं होतं. रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण मुलीला कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने तिथे नेऊन मारलं. त्यात गूढ काहीच नव्हतं. दोघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायम केली, राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला, आणि फाशीची तारीख पडली २४ जून २०१९. उच्च न्यायालयाने मधले दिवस मोजले, ते भरले १५०९, आणि एवढ्या विलंबापायी शिक्षा पस्तीस वर्षांच्या कैदेवर आणली. फाशी असावी की नसावी हा वाद मोठा आहे आणि मला त्यात इथे पडायचं नाही. पण ते १५०९ दिवस कुठल्या टेबलावर गेले, यावर मालिका निघाली तर मी तिकीट काढून ऐकेन.

तळेगावचे सतीश शेट्टी यांची गोष्ट तर मालिकेत बसणारच नाही, कारण तिला शेवट नाही. माहितीच्या अधिकाराचा वापर करून ते मावळातल्या जमिनींचे व्यवहार खणून काढत होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला गेले असताना भर गावात त्यांचा खून झाला. सीबीआयने तपास केला, बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. आमच्याकडच्या गोष्टींत रक्ताचे डाग फार नसतात; सातबारा, फेरफार आणि कुलमुखत्यारपत्र असतं. रात्री दिवा घालवून ऐकावं असं त्यात काही नाही, पण झोप उडायला पुरेसं आहे.

आता आप्पांचं “हं”.

मागे इंद्रायणीकाठच्या एका मळ्यातून पाण्याची मोटर चोरीला गेली आणि काही दिवसांनी सापडली. पंचनाम्यासाठी हवालदार दोन पंच शोधत बाजारपेठेत आला. खुनाच्या गोष्टी चवीने ऐकणारं आमचं गाव, पण त्या क्षणी प्रत्येकाला कुठेतरी तातडीने जायचं होतं. सलूनमधलं एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने उठलं म्हणतात. आप्पा मात्र थांबले, कारण हवालदार म्हणाला, “कायद्याने भागातले प्रतिष्ठित नागरिक लागतात.” हा शब्द त्यांना घरात फारसा ऐकायला मिळत नाही.

तर आप्पा झाले पंच क्रमांक एक. पुढे समन्स आलं, तोवर मोटर विसरायलाही झाली होती. इस्त्रीचं धोतर नेसून ते कोर्टात गेले. एकदा आरोपी गैरहजर, एकदा वकील दुसऱ्या कोर्टात, एकदा साहेब रजेवर. अखेर एकदाचा पुकारा झाला. मुद्देमालाच्या खोलीतून गंजलेलं एक धूड आणून समोर ठेवलं. आरोपीच्या वकिलाने विचारलं, “मोटर कोणत्या रंगाची होती?”

आप्पा म्हणाले, “तेव्हा की आता?”

सगळे हसले, साहेबसुद्धा. पण पंच क्रमांक दोन फितूर झाला. सही आपली आहे, मजकूर माहीत नाही, एवढं बोलून तो बसची वेळ बघू लागला. आरोपी सुटला. चोर तोच होता का, असं आम्ही आप्पांना अनेकदा विचारलं. ते म्हणतात, “मी मोटर बघितली. चोरताना कुणाला बघितलं नाही.” सासूबाईंना हे उत्तर अजिबात पटत नाही. “एवढं कोर्टात जाऊन आलात आणि कोण ते माहीत नाही?” वर त्यांचा कायमचा शेरा, “आणि यात खून कुठंय?”

गेल्या मे महिन्यात नणंदेचा मुलगा सुट्टीला आला. तो कॉलेजात पॉडकास्ट करतो. आजोबांचा खटला त्याला एकदम पसंत पडला. ओसरीवर माइक लावला, पंखा बंद केला, सासूबाईंनाही गप्प बसवलं. आप्पा ताठ बसले आणि सुरू झाले, “मी, पंच क्रमांक एक, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, राहणार कामशेत, तालुका मावळ...”

“आजोबा, असं नको. काळोखी रात्र होती, असं काहीतरी.”

“सकाळचे साडेअकरा वाजले होते.”

“बरं, मी मागे विजा आणि पावसाचा आवाज टाकतो. चालेल?”

आप्पांनी चष्मा काढून पुसला. “पंचनाम्यात पाऊस नाहीये,” ते म्हणाले. “मी सही केलीय त्यावर.”