तांब्याच्या तुकड्यातून कोट्यधीश कसे व्हावे

आमच्या बेला गावात राहून श्रीमंत होण्याचे दोन मार्ग आहेत. कापसाला भाव येण्याची वाट पाहणे हा एक. तो चिवट माणसांनी धरावा. बाकीच्यांनी जुने नाणे शोधावे.

मात्र आजीच्या पेटीतले नाणे घेऊ नये. ते बहुधा चारमिनारचा हाली रुपया निघेल. हा सगळा मुलूख एकेकाळी निजामाचा. इंग्रजांचा तो कलदार, आपला तो हाली, आणि सहा कलदारांना साधारण सात हाली पडत. कमानीत ‘मीम’ असेल तर नाणे निजाम महबूब अलींचे, ‘ऐन’ असेल तर उस्मान अलींचे. वजन ११.१८ ग्रॅम, चांदी शेकडा ८१.८, १९४० नंतरच्या दशकात ती निम्म्यावर आली. म्हणजे सगळे तपासता येते, आणि इथेच घात होतो. सराफ तराजूत टाकतो, चांदीचा भाव सांगतो, विषय संपतो. असल्या नाण्याने कोणी कोट्यधीश होत नाही.

शिवरायांच्या होनाची प्रतिकृतीही नको. ती प्रतिकृती म्हणूनच विकली जाते; प्रामाणिक मालाला या धंद्यात जागा नाही.

आपल्याला हवा तो रामदरबार. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, हनुमान. दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, वन आना’. कंपनीच्या १८३५ च्या तांब्यात अर्धा आणा, पाव आणा आणि पै होती. रोजच्या व्यवहारातले एक आण्याचे नाणे आले १९०७ साली, तेही निकेलच्या मिश्रणाचे आणि कंगोरेदार. रामसीतेचा आणा कंपनीच्या टांकसाळीतून कधीच निघाला नाही. पण घाबरू नका, यातच त्याचे मोल आहे. ज्याचे अस्सल नाहीच, त्याची नक्कल कशाशी ताडून ओळखणार?

नाणे हातात आले की भिंग बाजूला ठेवा. कडेवर ओतकामाची शिवण दिसेल, अक्षरे बोथट दिसतील, अंगावर बुडबुड्यांचे खड्डे दिसतील. विनाकारण मन खट्टू होईल. त्यापेक्षा दलालाला प्रयोग करू द्या. तो तांदळाचे दाणे नाण्याजवळ नेईल आणि दाणे टपाटप चिकटतील. तांबे चुंबकाला दाद देत नाही, मग नाण्यात चुंबक दडवला होता का आणि दाण्यांना लोखंडाचा कीस चोळला होता का, असे विचारू नका. पाहुण्याचा अपमान होतो.

यानंतर ‘नासा’ येते. नाण्यातून किरण निघतात, ते तपासायला शास्त्रज्ञ येणार, त्यांच्या पोशाखाचा खर्च तुमचा. हे अतिशयोक्तीचे वाटत असेल तर दिल्लीतले २०१८ चे प्रकरण पाहा: बापलेकांनी एका व्यापाऱ्याला याच वाटेने १ कोटी ४३ लाखांना नेले. व्यापारी होता हो, अडाणी नव्हता.

वाटेत एक अडथळा आहे, रिझर्व्ह बँक. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी आम्ही कोणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही, कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले. हे पत्रक वाचू नये. वैष्णोदेवीचे २०१२ चे दहाचे नाणे लाखांना जाते, असा निरोप आला तर तोच वाचावा. दुकानात मात्र त्याचे दहाच रुपये मिळतील.

एवढे करून ‘नोंदणी शुल्क’ पाठवून झाले असेल, तर लाज बाजूला ठेवून लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकाला फोन लावा. या साऱ्या व्यवहारात तेवढा एक आकडा खरा आहे.