पाहिजेकर

त्यांचं खरं आडनाव वेगळंच आहे. ते गुहागरकडच्या एका सभ्य गावावरून पडलंय आणि त्या गावाचा या प्रकरणात काही दोष नाही. पण ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या आसपास राहणारे आम्ही सगळे त्यांना पाहिजेकरच म्हणतो. त्यांच्या पोळीभाजी केंद्राच्या काचेवर २०१९ पासून 'पाहिजे'ची पाटी आहे. मधल्या काळात केंद्राचं नाव दोनदा बदललं, पोळीचा भाव तर दर दिवाळीला बदलतो. 'पाहिजे' मात्र ध्रुवाच्या ताऱ्यासारखं अढळ. पाहुण्यांना घरचा पत्ता सांगतानाही आम्ही 'पाहिजेची पाटी दिसली की डावीकडे' असंच सांगतो.

ही पाटी जपून ठेवावी अशी आहे. पहिल्या आवृत्तीत सुवाच्य अक्षरात मजकूर होता, 'हुशार, होतकरू, अनुभवी, निर्व्यसनी व प्रामाणिक मुलगा पाहिजे. पगार समक्ष.' सहा महिन्यांत 'हुशार'वर पांढरी चिकटपट्टी आली. "आला होता एक हुशार," पाहिजेकर म्हणाले, "तीन दिवसांत त्याने हिशोब केला आणि गेला." पाठोपाठ 'अनुभवी' गेलं, अनुभवी माणसाला मालकांचाही अनुभव असतो, हे लक्षात यायला जरा वेळ लागला. 'निर्व्यसनी'वर बराच खल झाला आणि शेवटी तंबाखू हे व्यसन नसून सवय आहे असं ठरलं. 'प्रामाणिक'वर पट्टी लावली त्या दिवशी मात्र त्यांनी गल्ला स्वतःच्या खुर्चीजवळ ओढून घेतला. पुढे 'मुलगा'चा 'मुलगा/मुलगी' झाला, मग 'माणूस' झाला. सध्याची आवृत्ती आहे, 'कोणीही पाहिजे. पगार समक्ष.'

एकूण एक विशेषण गळालं, पण 'पगार समक्ष'ला आजवर कोणी हात लावलेला नाही.

पाहिजेकर एकटे नाहीत, ती एक जमात आहे. एकदा एक पाहिजेकर नीट ओळखता आला की बाकीचे आपोआप दिसायला लागतात. पाचपाखाडीतला लाँड्रीवाला, चरईतला मिक्सर दुरुस्त करणारा, राममारुती रोडवरचा ड्रेसवाला, जांभळी नाक्याचा किराणावाला. या जमातीत 'नमस्कार' म्हणत नाहीत, 'माणसं मिळत नाहीत हो' म्हणतात. त्यावर समोरच्याने 'आमच्याकडे तर विचारूच नका' असं म्हणायचं असतं. मग दोघं चहा पितात. तो चहा आणून देणारा पोरगाही गेल्या आठवड्यात पळालेला असतो, म्हणून चहावाला स्वतः येतो आणि तिसरा पाहिजेकर म्हणून तिथेच उभा राहतो.

मी एकदा चुकून म्हणालो, "काका, २०११च्या जनगणनेतच ठाणे शहर अठरा लाखांच्या वर गेलं होतं. सकाळी स्टेशनात पाय ठेवायला जागा नसते. माणसं नाहीत कशी?"

"ती माणसं नव्हेत," पाहिजेकर शांतपणे म्हणाले, "ती गर्दी."

माणसाची त्यांची व्याख्या अशी: जो सकाळी सातला येतो, रात्री दहाला जातो, मधे फोन बघत नाही, उचल मागत नाही, ज्याच्या गावात कोणाचं लग्न होत नाही, कोणी मरत नाही आणि शेतात भातही लावत नाहीत.

त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सण लाल शाईत छापलेले असतात, तशीच पाहिजेकरांनी स्वतःची काळी शाई चालवलेली असते. होळीला एक फुली, मे महिन्यातल्या लग्नांवर आडवी रेघ, गणपतीला चौकट, छटपूजेला दोन फुल्या. दुकान डेपोच्या इतकं जवळ, की आपली माणसं जाताना त्यांना डोळ्यांनी बघावी लागतात. २०२५च्या गणपतीत एसटीने कोकणात पाच हजार जादा गाड्या सोडायचं जाहीर केलं, तेव्हा सगळं कोकण खूश झालं, पाहिजेकर म्हणाले, "माझ्या दोन पोरांसाठी एवढा खर्च करायची गरज नव्हती."

भाज्या चिरायला एक बिहारचा मुलगा होता. त्याच्याशी ते खास खोपटी हिंदीत बोलत, "कांदा बारीक चिरो, और वो पातेला ओट्यापे ठेवो." त्या मुलाला हिंदी येत होती, तरी तो सगळं समजून घ्यायचा. २०२५च्या दिवाळीआधी तो म्हणाला, "सेठ, छठ करके आठ दिन में आता हूँ." छट ऑक्टोबरअखेर संपली. पुढे ६ आणि ११ नोव्हेंबरला बिहारात विधानसभेचं मतदान. मग निकाल. मग बहिणीचं लग्न. पाहिजेकर रोज फोन लावत. पलीकडून बाई सांगे की हा नंबर बंद आहे. त्या बाईचा मात्र त्यांना आदर वाटतो. "बघा," ते म्हणतात, "एकही दिवस खाडा नाही."

'आठ दिवसांत येतो' या वाक्याचा ते जितका अभ्यास करतात, तितका कोणी पीएचडीसाठीही करत नसेल. त्यांच्या मते आठ दिवस म्हणजे पंधरा, पंधरा म्हणजे दीड महिना, आणि 'बघतो, कळवतो' म्हणजे त्या माणसाचा ॲप्रन धुऊन दुसऱ्याला द्यावा.

२०२० चा उल्लेख निघाला की ते जरा गप्प होतात. १ मेला, म्हणजे नेमक्या कामगार दिनाला, देशातली पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली. त्याआधीपासूनच माणसं नाशिकच्या रस्त्याने चालत निघाली होती. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. त्या दिवसांत पाहिजेकरांनी पोळ्या बांधून दिल्या होत्या, पैसे न घेता. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. मी पाहिलंय म्हणून सांगतो. त्या रांगेत त्यांचाही एक जुना आचारी होता. "त्याला म्हटलं, थांब. तो म्हणाला, कुठे थांबू?" एवढंच बोलून ते पुन्हा कढईकडे वळतात.

पण दुसऱ्या दिवशी पाटी होतीच.

मागे एका दुपारी मी बटाट्याची भाजी बांधून व्हायची वाट बघत होतो. डिलिव्हरीवाला एक मुलगा पाटी वाचून आत आला. पाहिजेकर खुर्चीत सावरून बसले. मुलाखत घ्यायची म्हणून त्यांनी चष्मा लावला.

"पगार किती?" मुलाने विचारलं. मुलाखत त्यानेच सुरू केली.

"आधी काम तर बघ. घरच्यासारखं वातावरण आहे."

"घरी पगार मिळत नाही, काका. किती?"

"बारा."

"सुट्टी?"

"सुट्टी म्हणजे... सोमवारी दुपारी जरा निवांत असतं."

मुलाने उभ्या उभ्या हिशोब मांडला. दिव्याला खोली, तिचं भाडं पाच. लोकलचा पास. फोन. आईला गावी तीन. "मग काका, मी जेवायचं कधी?"

"जेवण आपल्याकडेच की!"

"उरलेलं?"

पाहिजेकरांनी चष्मा काढला. मुलगा नमस्कार करून गेला. "बघितलंत?" ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काम करायची इच्छाच राहिली नाही या पिढीला." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती पिढी पाठीवर पिशवी अडकवून, हेल्मेट घालून, तीन हात नाक्याच्या दिशेने दहा मिनिटांत कोणाला तरी कोथिंबीर पोचवायला सुटलीही होती.

२०२५च्या सप्टेंबरात एसटी महामंडळाने कंत्राटी चालक आणि सहायकांच्या १७,४५० जागा भरायचं जाहीर केलं. ती बातमी पाहिजेकरांनी मला हाक मारून दाखवली. आनंदाने त्यांचा चेहरा फुलला होता. समोरच्या डेपोलाही माणसं पाहिजेत!

"पण काका, त्यांनी पगार लिहिलाय. तीस हजारांच्या आसपास."

"ते सरकार आहे," ते म्हणाले, "त्यांना लिहायला काय जातं."

आता तुम्ही म्हणाल, माणूस कवडीचुंबक दिसतोय. तसं नाही. असलेल्या माणसाला ते जावयापेक्षा जास्त जपतात. दिव्याहून येणाऱ्या एक मावशी सहा वर्षं त्यांच्या पोळ्या लाटत होत्या. मावशी शिंकल्या की आल्याचा चहा. मावशी रागावल्या की त्या दिवशीच्या पोळ्या जाड, आणि गिऱ्हाइकांनी काही विचारू नये म्हणून पाहिजेकर दारातच तोंडावर बोट ठेवून उभे. दिव्याला सकाळच्या गाडीत शिरणं हेच एक वेगळं काम आहे आणि त्याचे पैसे कोणी देत नाही, असं मावशी म्हणत. पाहिजेकर मान डोलवत, पण पैशांचं तेवढं बोलत नसत. शेवटी मावशींना घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत दोन घरचा स्वयंपाक मिळाला. पैसे जास्त, रविवार मोकळा. मावशी लाटणं धुऊन, पुसून, जागेवर ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून पाहिजेकर स्वतः तव्यासमोर. त्यांच्या पोळीला चार बाजू आहेत, पण ते तिला 'घरगुती' म्हणतात. एकदा घाम पुसत ते आपल्या काळाबद्दल सांगू लागले. १९८४ साली एक पत्र्याची ट्रंक घेऊन ते इथेच, याच डेपोत उतरले. एका खानावळीत लागले. रात्री बाकांवर झोपायचं, पहाटे चारला चूल.

"आम्ही पगार विचारला नाही कधी. मालक देईल ते."

"किती वर्षं होतात तिथे?"

"वर्षं कसली! पाच महिने. शिमग्याला गावी गेलो. आठ दिवसांत येतो म्हणून सांगितलं होतं. पण आमच्या गावच्या एकाने वागळे इस्टेटमधल्या कंपनीत चिकटवलं. त्या काळी गेटवर 'जागा नाही'ची पाटी असायची, ओळखीशिवाय आत सोडत नसत. तिकडे पगार दुप्पट. रविवार सुट्टी."

"आणि खानावळीच्या मालकाला कळवलंत?"

"कळवायचं काय त्यात?" पाहिजेकरांनी पोळी उलटली. "पोट असतं माणसाला."

एमआयडीसीने साठच्या दशकात वसवलेल्या त्या वसाहतीतली त्यांची कंपनी पुढे बंद पडली आणि मिळालेल्या पैशांतून हे केंद्र उभं राहिलं. म्हणजे एकाच जन्मात त्यांनी दोन्ही पाट्या पाहिल्या: गेटवर 'जागा नाही', आणि स्वतःच्या काचेवर 'पाहिजे'. मधल्या चाळीस वर्षांत बाजू कधी बदलली, तेवढं लक्षात आलं नाही.

या शिमग्याला मी भाजी आणायला गेलो तर शटर खाली. वर खडूने लिहिलेलं, 'कामगार गावी गेल्यामुळे केंद्र बंद आहे.' मला नवल वाटलं, कारण कामगार म्हणून तिथे कोणी उरलंच नव्हतं.

डेपोच्या फलाटावर पाहिजेकर उभे होते. डोक्याला टोपी, हातात पिशवी, पायाशी तीच पत्र्याची ट्रंक.

"पालखी घरी येते आमच्याकडे," ते जरा ओशाळून म्हणाले. "दुकान थांबेल. पालखी थांबते का?"

"आणि आम्ही जेवायचं काय? परत कधी?"

गाडी लागली होती. पाहिजेकर पायरीवर चढले, मागे वळले आणि नेमक्या त्याच सुरात म्हणाले, "आठ दिवसांत येतो."

आज अठरावा दिवस आहे. मी रोज फोन लावतो. ती बाई मात्र एकही दिवस खाडा करत नाही.