शंकासुर

बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत मेंदूचं चुंबकीय आलेखन चालतं. तिथले आमचे सर मूळचे चिपळूणचे, म्हणून मराठी विद्यार्थ्यांनी त्यांना कोकणातल्या शिमग्यातला शंकासुर करून टाकलंय. कामच तसं. आलेली नोंद साफ करायची, म्हणजे दिवसभर एकच विचारायचं, "हे मेंदूचंच कशावरून?"

त्यांचाही नाइलाज आहे. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं फेमटोटेस्लात. पृथ्वीचं त्याच्या कोट्यवधी पट. म्हणून म्यू-मेटलच्या भिंतींची खोली आणि उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये गारठलेले स्क्विड संवेदक. एवढा बंदोबस्त असूनही शेजारची लिफ्ट हलली की आलेख हलतो, विजेचे ५० हर्ट्झ आत शिरतात, आणि खुर्चीतल्या माणसाचं हृदय मेंदूच्या वरताण गाजतं.

या धंद्यात सरांची नजर कायमची बिघडली. लग्नात सगळे नवरीला 'किती गोड' म्हणतात, हे तिच्या मस्काऱ्यात लोहाचे कण किती असतील याचा अंदाज घेतात. करवलीच्या दातांवरची तार तर त्यांना मांडवाच्या दारातूनच दिसते. घरी काकूंचं एकदा सांगितलेलं ऐकतील तर शपथ. शंभरदा सांगितलं की सरासरीत गोंगाट दहाव्या हिश्श्यावर येतो, हे त्यांचं गणित. गणित बरोबर आहे. "पण शंभराव्या वेळी माझा आवाज कुठे चढतो, तेही मोजा!" असं काकू म्हणतात, तेही बरोबर आहे.

आयसीए हे त्यांचं लाडकं हत्यार. ३०६ संवेदकांनी मिळून केलेल्या गलक्याची ते स्वतंत्र घटकांत फोड करतात आणि निवडत बसतात. डोळ्यांपाशी दोन ठसठशीत डाग? पापणी मिटली. बाद. सेकंदाला एक टोक? हृदय. बाद. सतराव्या घटकापाशी चष्मा कपाळावर जातो. अर्धा मेंदू, अर्धा मानेचा स्नायू. काढला तर मेंदू जातो, ठेवला तर मान राहते. चहावर साय धरते.

"पण सर, मेंदूत नेमकं कुठे?" असं कुणी विचारलं की ते खुलतात. बाहेरच्या मोजणीवरून आतला उगम एकमेव ठरत नाही, हे हेल्महोल्ट्झनं १८५३ मध्येच दाखवलं होतं. उगम शोधायला आधी काहीतरी गृहीत धरावंच लागतं. आणि गृहीत धरलं की शंका घ्यायला नवी जागा मिळते.

परवा एक विद्यार्थिनी धावत आली. मनातल्या मनात बेरीज करणाऱ्याच्या नोंदीत तिला बारा हर्ट्झचा देखणा ताल सापडला होता. आलेख इतका सुरेख की थेट शोधनिबंधात छापावा. सरांचा चेहरा पडला.

"रिकाम्या खोलीची नोंद लाव बघू."

लावली. खुर्चीत माणूस नाही, डोकं नाही, बेरीज नाही. ताल मात्र तोच, तितकाच देखणा. मुलगी रडवेली झाली. सरांनी आनंदानं अख्ख्या प्रयोगशाळेला मद्दूरवडे मागवले.