कारण लेखी द्या!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. सातपुड्यातल्या पावरा, बारेला, भिल्ल आणि तडवी माणसांना हा शहाणपणा परवडला नाही. पायरी चढले नसते, तर पायाखालची जमीन गेली असती.

चोपड्याहून उत्तरेला निघा. केळीच्या बागा मागे पडतात, चढ लागतो आणि वनजमीन सुरू होते. तिथे ज्वारी, मका, कपाशी पिकवणाऱ्याला सरकारी कागदावर एकच नाव आहे: अतिक्रमणधारक. आजोबांनी झाडी साफ करून नेवाड काढलं, बापाने बांध घातले, आता नातू औत धरतो. तीन पिढ्या राबल्या, कागदावरचं नाव मात्र तेच राहिलं.

अतिक्रमण नक्की कुणी कुणावर केलं? इंग्रजांनी 1878 च्या वन कायद्याने जंगलं राखीव करायचा सपाटा लावला, त्याच्या कितीतरी आधीपासून भिल्ल या डोंगरात होते. 1857-58 साली खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी याच सातपुड्यात इंग्रजांशी झुंज दिली. जे आधीपासून होते ते घुसखोर, आणि नंतर आलेलं खातं मालक?

संसदेने याचं उत्तर देऊन टाकलं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की, या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. देशाच्या संसदेला जे कबूल आहे, ते तालुक्याच्या टेबलावर येऊन का अडतं?

कायदा फार अवघड नाही. आदिवासी कुटुंब 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असेल, तर दावा करता येतो. कमाल मर्यादा चार हेक्टर. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. आणि तरी आपल्याकडे ओरड चालूच: ‘पट्टे दिले की विकून मोकळे होतील.’ जे विकताच येत नाही, ते विकणार कसे?

पण पुरावा? खरी लढाई इथे आहे. फॉरेस्टवाल्यांनी वर्षानुवर्षं दंड ठोकला आणि पावत्या फाडल्या. घरोघरच्या म्हाताऱ्यांनी त्या पिवळ्या पडलेल्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपल्या. आज तीच पावती दाव्याला जोडतात. अमुक साली हा माणूस या जमिनीवर होता, असं खुद्द वनखात्यानेच तिच्यावर लिहून ठेवलेलं असतं.

गुन्ह्याचा कागद हक्काचा कागद झाला.

पावती नसली तरी दार बंद होत नाही. नियमांत पुराव्यांची यादीच आहे: घर, बांध, विहीर, स्मशानाची जागा, देवाचं ठिकाण, वंशावळ, आणि गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब. डोंगरातल्या माणसाकडे सातबारा नसतो, पण आजोबांना कुठे पुरलं ते त्याला पक्कं ठाऊक असतं. कायद्याने ते ऐकायचं ठरवलं आहे. ऐकणारे कान कधी लागणार?

हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू सर्वोच्च न्यायालयात गेले होते. आदिवासींचे दावे तपासताना कागदाखेरीज दुसरा पुरावाही पाहा, हे 1995 साली त्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं. वनहक्क कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी आला. म्हणजे कायद्याची वाट आदिवासींच्या खटल्यांनीच पाडली.

मग आला उपग्रह. शेजारच्या गुजरातेत ‘उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही’ म्हणून दावे फेटाळले गेले. लोक उच्च न्यायालयात गेले. 2013 साली निकाल लागला: नुसत्या चित्राच्या भरवशावर दावा फेटाळता येणार नाही. 2012 च्या सुधारित नियमांतही हेच आहे. उपग्रहाचं चित्र जोडीला घ्या, इतर पुराव्यांच्या जागी नको. चारशे मैल उंचीवरच्या यंत्राला बांध दिसला नाही, तर बांधावर जाऊन पाहायला काय हरकत आहे?

13 फेब्रुवारी 2019 ही तारीख विसरू नका. वन्यजीव संस्थांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: ज्यांचे दावे फेटाळले गेले, त्यांना जमिनीवरून हटवा. देशभरातल्या दहा लाखांहून जास्त दाव्यांचा हा प्रश्न होता. देशभर आदिवासी पेटून उठले. 28 फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली आणि राज्यांना विचारलं: दावे फेटाळताना प्रक्रिया पाळली होती का?

हा प्रश्न हुसकावण्याआधी विचारायचा की नंतर?

त्याच्या तीनच महिने आधी, नोव्हेंबर 2018 मध्ये, लोकसंघर्ष मोर्चाच्या प्रतिभा शिंदे यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी आणि शेतकरी ठाण्याहून चालत मुंबईच्या आझाद मैदानावर धडकले होते. खान्देशातली माणसं त्यात होती. वनहक्काचे रखडलेले दावे निकाली काढा, ही त्यांची ठळक मागणी. म्हणजे आहे तो कायदा पाळा. सरकारने स्वतःचा कायदा पाळावा म्हणून माणसांनी पायाला फोड आणायचे?

‘पण जंगल तोडतात हो!’ हा आक्षेप नेहमीचा, आणि तो झटकून टाकू नये. सातपुड्यात नवी तोड होते. ती थांबलीच पाहिजे. पण डिसेंबर 2005 नंतर तोडलेल्या जंगलातला एक गुंठाही हा कायदा कुणाला देत नाही. जुना कसणारा कोण आणि नवा तोडणारा कोण, हे कळायला दावे निकाली निघावे लागतात. दावे जितके लोंबकळतील, तितकी भेसळ वाढेल. उशिराचा फायदा शेतकऱ्याला होत नाही, कुऱ्हाडीला होतो.

आणि जंगल गावाच्या हाती दिलं तर? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 साली 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. गाव आपला बांबू आपण विकू लागलं. जंगल बुडालं नाही, बुडाली ती मधल्यांची कमाई.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभांना विचारलं. बाराही ‘नाही’ म्हणाल्या.

डोंगर जागेवर आहे.

दूर इक्वेडोरमध्येही तेच. 2019 साली तिथल्या वाओरानी आदिवासींनी कोर्टात सरकारला हरवलं आणि सुमारे 1,80,000 हेक्टर जंगल तेलाच्या लिलावापासून वाचवलं. सरकार म्हणत होतं, आम्ही लोकांना विचारलं होतं. कोर्ट म्हणालं, ते विचारणं कायद्याला धरून नव्हतं. विचारलं म्हणजे नीट विचारलं पाहिजे, हे ॲमेझॉनमध्ये कळतं. सातपुड्यात कळायला काय लागतं?

आता खाली पट्टीत राहणाऱ्यांसाठी. चोपडा, यावल, रावेरची केळी कशावर उभी आहे? सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळूचा पट्टा आहे. डोंगरावरून आलेलं पाणी त्यात मुरतं आणि आपल्या विहिरींना, बोअरला लागतं. बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावी लागते, हे बागायतदाराला सांगायला नको. डोंगर उघडा पडला तर केळीचं काय होईल, हेही सांगायला नको. मग डोंगर राखू शकणारा माणूस हक्काने तिथे राहावा, ही गरज फक्त त्याचीच आहे का?

व्यवस्था कमी आहे म्हणावी, तर तसंही नाही. चोपडा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यांना ग्रामसभेला अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा लागू आहे. गावात वनहक्क समिती, वर उपविभागीय समिती, त्याच्यावर जिल्हाधिकाऱ्यांची समिती. मे 2020 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रासाठी विभागीय समितीकडे अपिलाची सोयही झाली.

पण अपील कशावर करायचं? दावा फेटाळल्याचा कागद तर हातात हवा ना! नियम स्पष्ट आहे: फेटाळलात, तर दावेदाराला कारणासह लेखी कळवा. त्याला दाद मागायला साठ दिवस मिळतात. कागदच मिळाला नाही, तर साठ दिवस मोजायचे कुठून? कारण न देता दावा पाडणं म्हणजे अपिलाचं दारच चिणून टाकणं.

सगळं अडतं ते एका लेखी कारणापाशी. म्हणून मागणीही तेवढीच ठेवा. दावा मंजूर असेल, तर मोजणी करून पट्टा द्या. नामंजूर असेल, तर कारण लिहा, तारीख टाका, सही करा. आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाच्या उभ्या पिकात जेसीबी घालू नका. कायद्याचं कलम 4(5) तशी परवानगीच देत नाही.

यात उपकार कुणावर नाहीत. ज्यांनी दगड उचलला नाही, कायदा उचलला, त्यांना कायद्याच्या भाषेत उत्तर मिळालं पाहिजे. नाही मिळालं, तर उद्या कायद्यावर विश्वास ठेवा असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

वाचकहो, तुमच्या केळीत, कपाशीत डोंगरावरून कामाला येणारा माणूस आहेच. त्याला विचारा, दाव्याचं काय झालं? ‘काहीच कळवलं नाही’ असं म्हणाला, तर त्याच्यासोबत प्रांत कार्यालयात जा, अर्ज द्या, पोच घ्या आणि लेखी उत्तर मागा. मिळेपर्यंत मागा.