कुणाची गं तू?

क्रीडा पानावर नव्यानं लागलेल्या पोरांकडून आम्ही पहिल्याच दिवशी एक धडा घोटून घेतो. मुलीनं पदक मिळवलं की ते कशात मिळवलं, किती सेकंदांत, कुणाला हरवून, असल्या फंदात पडायचं नाही. आधी तिचा मालक शोधायचा. बाप रिक्षा चालवत असेल तर 'रिक्षावाल्याच्या लेकीची गगनभरारी'. शेतकरी असेल तर 'बळीराजाच्या लेकीनं मारलं मैदान'. बाप सुखवस्तू निघाला तर जरा पंचाईत होते, कारण पोटभर जेवलेला बाप हेडलाइनमध्ये नीट बसत नाही. मग गाव घ्यायचं आणि तिला त्या गावाची कन्या करून टाकायचं. मुलांच्या बापांचीही चौकशी आपण करतो, नाही असं नाही. पण मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या बातमीत बापाच्या हातून सुटतो. मुलगी निवृत्तीच्या बातमीपर्यंत लेकच राहते. मधे लग्न झालं तर सून.

हे आपल्याकडचंच मागासलेपण, असं समजून कुणी मान खाली घालू नये. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये कोरी कॉगडेल या अमेरिकन नेमबाज बाईनं ट्रॅप प्रकारात ब्राँझ जिंकलं, तेव्हा 'शिकागो ट्रिब्यून'च्या ट्विटमध्ये तिचं नावच नव्हतं. बेअर्स संघातल्या एका फुटबॉलपटूच्या बायकोला पदक मिळालं, एवढीच खबर. बघा, आपले भाऊबंद कुठकुठे पसरलेत.

धावणारी मुलगी असेल तर काम आणखी सोपं. गावाचं नाव घ्यायचं आणि पुढे गाडी जोडायची. पी. टी. उषा पय्योळी एक्सप्रेस, कविता राऊत सावरपाडा एक्सप्रेस, हिमा दास धिंग एक्सप्रेस, ललिता बाबर माणदेशी एक्सप्रेस. गोलंदाज झूलन गोस्वामीलाही चकदा एक्सप्रेस करून झालं. तिच्यावरचा त्याच नावाचा सिनेमा २०२२ साली जाहीर झाला आणि वर्षानुवर्षं यार्डातच उभा राहिला. पुरुषांच्या बाजूनं रावळपिंडीहून एक गाडी सुटायची, पण बायकांचं वेळापत्रक भरगच्च.

आता ही माणदेशी एक्सप्रेसच घ्या. गाव मोही, तालुका माण, जिल्हा सातारा. माण म्हटलं की दुष्काळ, हंडा, भाकरी, अनवाणी पाय. प्रस्तावनेतच चार कॉलम निघाले, आणि त्यासाठी मोहीला जायचीही गरज पडली नाही. राहता राहिली शर्यत. रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ललितानं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी भारतीय बाईनं त्याआधी गाठली होती ती १९८४ साली, उषानं. मधे ३२ वर्षं गेली. अंतिम फेरीत ललिता दहावी आली.

स्टीपलचेस म्हणजे काय, हे त्या दिवसांत किती वाचकांना कळलं? शर्यतभर २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या. अडथळा ७६ सेंटिमीटरचा. हर्डल्समधला अडथळा पाय लागला की आडवा होतो. हा जडशीळ लाकडी ओंडका हलत नाही, पाय लागला तर आडवं होतं ते माणूस. पाण्याच्या खड्ड्याशी त्याच ओंडक्यावर पाऊल ठेवून स्वतःला पुढे फेकायचं, खड्डा पलीकडे उथळ होत जातो तिथे एका पायावर उतरायचं आणि लय न मोडता निघायचं. पहिल्या उडीत बूट भिजतात, मग उरलेली शर्यत ओल्या बुटांनी. पण हे सगळं छापायचं तर जागा कुठून आणणार? हंड्याची चौकट काढायची की काय?

बाप आणि गाव संपलं की लग्न. सानिया मिर्झा दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर होती, लग्नाला सहा वर्षं झाली होती, तरी २०१६ साली टीव्हीवरच्या मुलाखतीत तिला विचारलं गेलं की तू सेटल कधी होणार. तिनं तिथल्या तिथे सुनावलं आणि मुलाखतकारानं माफी मागितली. तो एक चांगला माणूस. एरवी आपल्यात माफीची पद्धत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेत स्मृती मानधनानं ४३४ धावा केल्या होत्या. महिना संपायच्या आत कॅमेरे सांगलीला तिच्या लग्नघरी पोचले, ते अर्थातच या ४३४ धावांसाठी नव्हे. शेवटी लग्न होणार नाही आणि आम्हाला आमचं खासगीपण जपू द्या, असं ७ डिसेंबरला तिलाच इन्स्टाग्रामवर लिहावं लागलं. मग त्या विनंतीचीही ब्रेकिंग न्यूज झाली.

ज्या खेळात धावायचं नाही, घामही गाळायचा नाही, त्यात तरी बाईच्या अंगावरून नजर पटावर जाईल, अशी एक भाबडी आशा असते. नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखनं २०२४ च्या जानेवारीत ती मोडीत काढली. नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथली स्पर्धा खेळून आल्यावर तिनं लिहिलं, की प्रेक्षक माझे कपडे, केस, बोलण्याची ढब यांविषयी बोलतात, डावाविषयी नाही. तेव्हा ती १८ वर्षांची होती. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला तिनं महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांच्या टायब्रेकवर लागला, आणि किताबासाठी लागणारा एकही नॉर्म हाती नसताना पोरगी थेट ग्रँडमास्टर झाली. तिचे आई-वडील दोघंही डॉक्टर, म्हणजे आमची सुरुवातीचीच पंचाईत. पण आईला मिठी मारून ती रडली आणि आमचा दिवस सावरला. तो व्हिडिओ घरोघर पोचला. हम्पीची चूक नेमकी कुठे झाली, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. 'मराठमोळा अंदाज, चाहते घायाळ' ही ओळ तर संगणकात साठवलेलीच असते, नुसतं नाव बदलायचं.

सिनेमावाल्यांचं आमच्याहून बरं, त्यांना खरं-खोट्याची अडचणही नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगटनं अंतिम कुस्ती अगदी आरामात जिंकली होती. 'दंगल'मध्ये ती शेवटच्या सेकंदापर्यंत ताणली आणि राष्ट्रीय प्रशिक्षकाला खलनायक करून त्याच्याकरवी बापाला खोलीत कोंडलं. तरी पदक बापाचंच! 'चक दे'मधल्या सोळा मुलींपैकी पाच नावं सांगा पाहू. प्रशिक्षकाचं नाव विचारत नाही, ते येतंच.

बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधूनं रिओत रौप्य जिंकलं त्या दिवसांत लोक गूगलवर तिची जात शोधत होते. तरीही 'कुणाची' हा प्रश्न परवडला. तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनच्या वाट्याला 'तू बाई आहेस का' हा प्रश्न आला. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिनं ८०० मीटरमध्ये रौप्य जिंकलं. तिनं कुठलंही औषध घेतलं नव्हतं. लिंगचाचणीचा अहवाल गोपनीय ठेवायचा असतो, तो देशभरच्या टीव्हीवर फिरला आणि पदक परत गेलं. धावपटू द्युती चंदला २०१४ साली टेस्टोस्टेरॉनच्या नियमावरून संघातून वगळलं, ती लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेली आणि २०१५ मध्ये तो नियम स्थगित करवून आली. आता १ सप्टेंबर २०२५ पासून ॲथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धांत महिला गटात उतरायचं तर एकदा जनुक चाचणी द्यावी लागते. नियम बरोबर की चूक यावर शास्त्रज्ञ भांडतील, भांडोत. पण एखाद्या मुलीचा असा अहवाल आमच्या हाती लागला, तर तो दाबून ठेवण्याइतकी अक्कल आमच्या धंद्यात २००६ नंतर आली आहे, याचा पुरावा मला अजून दिसलेला नाही.

वाचकहो, तुम्हाला एक काम सांगतो. उद्या पेपर आला की खेळाचं पान उघडा आणि बाई खेळाडूच्या बातमीत पहिला आकडा कितव्या ओळीत येतो, ते मोजा. वयाचा धरू नका.