वादळाच्या मापाची बोट

शिकागोच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे 'कप्तान' म्हणतात. त्यांच्याकडे बोट नाही. गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत कुणी सहज विचारतं, "काय कप्तान, ठरली का मग?" आणि रांग तिथेच खोळंबते, कारण कप्तान उत्तर देतात.

कप्तान एकटे नाहीत. मिल्वॉकीपासून टोरांटोपर्यंत, या महासरोवरांच्या काठी प्रत्येक धक्क्यावर असे एक गृहस्थ असतात. शिडाची पहिली बोट घ्यायची, रात्री तिच्यातच झोपायचं, बंदरामागून बंदरं करायची, एवढं ठरलेलं. कुठली बोट, हे तेवढं बाकी.

"हे तळं नव्हे," हे कप्तानांचं पहिलं वाक्य, आणि ते खरं आहे. मिशिगन सरोवर जवळजवळ ४९० किलोमीटर लांब आणि २८१ मीटरपर्यंत खोल. सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा निव्वळ पाणी. समुद्राची लांब, झुलती लाट इथे नसते. वारा चढला की आखूड, उभ्या लाटा एकीच्या पाठीवर एक येतात. मग कप्तान आवाज खाली आणून 'एडमंड फिट्झजेराल्ड'वर येतात. ७२९ फुटी मालवाहू जहाज, १० नोव्हेंबर १९७५, सुपीरियर सरोवरातलं वादळ, जहाजासकट बुडालेली २९ माणसं. ऐकणारा गार पडतो. नोव्हेंबरात शिकागोच्या हौशी बोटी पाण्याबाहेर, पांढऱ्या प्लॅस्टिकात गुंडाळून ठेवलेल्या असतात, हे कप्तान सांगत नाहीत.

त्यांचा जीव जडलाय 'वेस्टसेल ३२'वर. लांबी ३२ फूट, वजन सुमारे २०,००० पौंड, पाण्याखाली पाच फूट. या प्रेमाचं मूळ मुंबईत आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती 'सुहैली' बोट मुंबईत बांधलेली, सागवानी. 'सुहैली' आणि 'वेस्टसेल' या दोघींचं कूळ अमेरिकन आरेखक विल्यम अ‍ॅटकिन यांच्या एकाच आराखड्यात सापडतं. कप्तान हे असं सांगतात की जणू माहेरचं स्थळ आलंय.

अडचण एवढीच की कप्तानांना पृथ्वीप्रदक्षिणा करायची नाही. त्यांना जुलैत, शनिवारी, पलीकडच्या मिशिगन राज्याच्या किनाऱ्यावर जायचंय. जुलैच्या दुपारी वारा पुष्कळदा इतका पडतो की एवढी जड बोट जागची हलायला मागत नाही. त्या किनाऱ्यावर तर आसऱ्याची बंदरं साधारण तीस-तीस मैलांच्या बेताने वसवलेली आहेत. तरी कप्तानांना पाण्याच्या टाक्या महिनाभराच्या हव्यात. सभोवती गोडं पाणी!

बाकीच्या बोटी त्यांच्या एक्सेल तक्त्यात कधीच नापास झाल्या आहेत. 'कॅटलिना २२' आटोपशीर, कील, म्हणजे तळाचं पातं, वर ओढली की दोन फूट पाण्यातही चालते, रुंदी साडेआठ फुटांच्या आत, त्यामुळे परवान्याशिवाय गाडीमागे लावून नेता येते. पण केबिनमध्ये वाकून बसावं लागतं. कप्तानांच्या कंबरेने नकाराधिकार वापरला. 'अ‍ॅल्बर्ग ३०' कॅनडाची, मजबूत, देखणी. पण आत अरुंद. कुठे पेट्रोलचं 'अ‍ॅटॉमिक फोर' इंजिन निघालं की तिच्यापुढे लाल फुली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाशी साठते, म्हणून इंजिन लावण्याआधी चार मिनिटं पंखा चालवायचा असतो. कप्तान म्हणतात, "आणि पाचव्या मिनिटाला?"

जुनी बोट पाहायला जाताना त्यांच्या खिशात छोटी हातोडी असते. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड घातलेला डेक पुष्कळ बोटींना असतो. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरलं की ते लाकूड आतून कुजतं. चांगल्या डेकवर ठोकलं तर 'टण', कुजक्यावर 'थप'. ही परीक्षा खरी आहे आणि प्रत्येक घेणाऱ्याने ती करावी. पण कप्तान 'टण' ऐकूनही समाधानी होत नाहीत. ते पुन्हा ठोकतात. काही विक्रेते त्यांना लांबून पाहूनच "विकली गेली" म्हणतात. गोड्या पाण्यातली बोट मिठाने गंजत नाही, हे जाहिरातीतलं वाक्य दाखवलं, तर ते लगेच सांगतात की तळावरचे फोड गोड्या पाण्यातही येतात. हेही खरंच. कप्तानांची माहिती कधीच चूक नसते, म्हणून तर त्यांना कुणी अडवू शकत नाही.

या सगळ्यात वहिनींकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या दर बुधवारी संध्याकाळी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या बोटीवर शर्यतीला जात. आधी दोर गुंडाळले, मग जिब सांभाळलं, मग सुकाणू. गेल्या वसंतात दोघींनी मिळून 'कॅटलिना २७' घेतली. १९७१ पासून साडेसहा हजारांहून अधिक निघालेलं मॉडेल. सुटे भाग मिळतात, केबिनमध्ये सहा फुटी माणूस उभा राहतो. सर्वेअर आला, त्याने एकदाच ठोकलं, वहिनींनी चेक फाडला.

जुलैत कप्तान पाहुणे म्हणून चढले. धक्क्यापासून दोन मैलांवर वारा पडला.

"वेस्टसेल असती तर..." कप्तानांनी सुरुवात केली.

"तर काय, अहो?"

कप्तानांनी किनाऱ्याकडे पाहिलं. माणूस प्रामाणिक. "तर अजून धक्क्यालाच असतो."

"बरं. ते जिब जरा ढिलं सोडा."

"जिब म्हणजे पुढचं ना?"